उमाकाकूंच्या तात्पुरत्या फाइली

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा बसलो, दोनदा उठून खाली टपरीवर चहा पिऊन आलो. तिसऱ्यांदा बसलो तर लाइट गेली, मला बरंच वाटलं. मला लिहायची सवय नाही. टायपिंगची आहे, पण ती बोटांची सवय, तिथं समोर कुणाचा तरी मजकूर असतो आणि आपण नुसतं उतरवायचं असतं. इथं समोर कायच नाही. आणि मराठी टायपिंग मला शिकवलं ते माझ्या मित्राच्या, देवेशच्या आईनं, उमाकाकूंनी. त्यामुळं पहिलं अक्षर दाबलं की त्यांचा आवाज येतो, "मनगट टेकवू नकोस रे, हार्मोनियम वाजवतोयस का?" मग हात थांबतो. तरी आज लिहितोय. सुचंल तेवढं एका दमात, मग थांबणार, मग परत.

सुरुवात काकांच्या प्रश्नापासून करतो, कारण तोवर मला वाटत होतं की आपण काय केलंय ते कुणालाच कळायचं नाही, आणि हळूहळू आपल्याला पण आठवायचं बंद होईल. उमाकाकूंचा तेरावा होता. मे महिना, दोन हजार सोळा. शहराच्या कडेला, सातारा परिसरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बिल्डिंग नवी, बोअर कोरडा, पंगतीला पाणी टँकरचं. जेवणं उरकली होती. मी जिन्यात चप्पल शोधत होतो, म्हणजे सापडलेली चप्पल परत शोधत होतो, कारण कुणाशी बोलायचं नव्हतं. मुकुंदकाका बाहेर आले. देवेशचे वडील, जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस. त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "अभय, अरे ती टाइप करायची ते सगळं... कम्प्यूटरमधे कुठं राहत असेल का रे? तुला कळतं त्यातलं म्हणून विचारतो." मागं दारात देवेश उभा होता. मी म्हणालो, "नाही काका. सेव्ह केलं नाही की काय राहत नाही." काका म्हणाले, "हो ना, ती नो-च दाबायची. मी बघितलंय." आणि माझ्याच दंडावर दोनदा थोपटलं. खोटं बोललो म्हणावं तर खोटं नव्हतं. सेव्ह केलं नाही की राहत नाही, हे कुणाला पण विचारा. पण ते राहिलं होतं. मी बघितलं होतं. आणि मीच पुसलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कम्प्यूटर काम करताना स्वतःसाठी कच्च्या चिठ्ठ्या काढत असतो. काम झालं की त्यानं त्या फेकून द्यायच्या, पण मधेच लाइट गेली, मशीन दणकन बंद पडलं, की फेकायचं राहून जातं. अशा हजारो चिठ्ठ्या टेम्प नावाच्या फोल्डरमधे साचतात आणि मग लोक म्हणतात पीसी स्लो झाला, व्हायरस आला. मी कोर्स केलेला नाही. पॉलिटेक्निकला एक वर्ष देवेशच्या बाकावर बसलो, मग बारा सालच्या दुष्काळात पाचोडकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, आई-दादांचं बागेतलं काम गेलं, मी शिक्षण सोडून वाळूजला कंपनीत लागलो. बजाजनगरला खोली केली आणि भंगारातल्या मशिनी आणून, बिघडवून बिघडवून शिकलो. आपलं आपण शिकलेल्या माणसाची एक ठरलेली करामत असते. माझी ही होती: कुणाच्या पण घरी गेलो की खुर्चीत नीट बसायच्या आधीच टेम्प उघडायचं, सगळं सिलेक्ट करायचं, शिफ्ट डिलीट. शिफ्टसकट दाबलं की रिसायकल बिनमधे पण जात नाही. बघायचं नाही, वाचायचं नाही. खाली आकडा पळतो, दोन हजार, अकरा हजार, आणि माणसं मागं उभी राहून "अरे बाप रे" म्हणतात. ते "अरे बाप रे" मला लई आवडायचं. एवढ्या वर्षांत वाचलं ते एकदाच.

उमाकाकू पैठण गेटजवळच्या एका टायपिंग क्लासमधे वीस वर्षं शिकवायच्या. बोलायच्या पण टायपिंगसारख्याच, न थांबता, मधे मधे हाणत. देवेशनं मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा माझे हात बघून म्हणाल्या, "हा काय टायपिंग करणार? मोसंबी तोडायची बोटं आहेत ही." मी म्हणालो, "व्हय काकू, तोडलीत." एकदम गप्प झाल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावला. तेव्हापासून दर रविवारी जायचो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कीबोर्ड, वायर कशालाच न जोडलेली, कारण त्यांचं म्हणणं, स्क्रीन दिसली की माणूस आळशी होतो, चुकलेलं कानाला कळलं पाहिजे. त्या पोळ्या लाटत पाठमोऱ्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आत्ता करंगळी झोपली होती तुझी." आणि खरंच झोपलेली असायची. एकच गोष्ट लपवायच्या, मिश्री. माहेरी अजिंठ्याला लहानपणी लागलेली सवय. अख्ख्या घराला माहीत होती आणि अख्खं घर माहीत नसल्यासारखं वागायचं. पंधरा सालच्या दिवाळीत जिभेला फोड आला, तो बसेना. जानेवारीत अर्ध्याहून जास्त जीभ काढली.

घरी आल्यावर त्यांनी बोलायचा प्रयत्न एकदाच केला म्हणे. स्वतःचाच आवाज ऐकून थांबल्या. वही दिली तर ढकलून दिली, पेन सावकाश चालतं, तोवर समोरच्याचं लक्ष उडतं. मग एक दिवस स्वतःच उठून हॉलमधल्या पीसीसमोर बसल्या आणि वर्ड उघडून बोलायला लागल्या. मिनिटाला चाळीस-पन्नास शब्द. काका सोफ्यावरून बोलायचे, ह्या टाइप करायच्या, काका चष्मा लावून वाकून वाचायचे, परत सोफ्यावर जाऊन उत्तर द्यायचे, असं तासभर भांडण चालायचं. बोलणं संपलं की खिडकी बंद. मशीन विचारायचं, सेव्ह करायचं का? नो. प्रत्येक वेळी नो. देवेश म्हणाला, "आई, राहू दे की, जागा भरपूर आहे त्यात." तर नवी खिडकी उघडून त्यांनी लिहिलं, "बोललेलं कुणी कपाटात ठेवतं का?" आणि ते पण नो दाबून बंद केलं. हे फेब्रुवारीत, माझ्यासमोर झालं. आम्ही हसलो, त्या पण हसल्या, बिलकूल आवाज न करता, तोंडावर रुमाल धरून.

मार्चमधे देवेशचा फोन. "अभ्या, पीसी लई अडकतोय रे. आई वैतागलीय, शब्द उशिरा उमटतात." मी गेलो. भर दुपार. काकू आतल्या खोलीत झोपल्या होत्या, रेडिएशन चालू होतं तेव्हा. देवेश खाली टँकरच्या नळीपाशी. काकांनी पाणी आणून दिलं, मी प्यायलो, खुर्ची ओढली, टेम्प उघडलं. आणि का कुणास ठाऊक, थांबलो. वर्डच्या फाइली दिसल्या, चाळीसेक, नावं म्हणजे नुसते आकडे आणि चिन्हं, पण तारखा ओळखीच्या. ज्या ज्या दिवशी लोडशेडिंग झालं होतं त्या त्या दिवसाच्या. वर्ड दर थोड्या वेळानं आपल्या मनानं एक प्रत काढून ठेवतं, नो दाबलं की ती टाकून देतं, पण नो दाबायच्या आधीच लाइट गेली तर प्रत राहून जाते. म्हणजे काकूंनी जे टाकून द्यायचं ठरवलं होतं त्यातलं थोडं थोडं, वाक्याच्या मधेच तुटलेलं, इथं साचत गेलं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता. मी उघडायला नको होतं. तीन उघडल्या. पहिलीत होतं, "देवेश, टाकी अर्धीच भरलीय. त्या नळीवाल्याला म्हणावं वर येऊन बघ, ह्या घरात एकीची जीभ गेलीय, डोळे नाही गेले." दुसरीत, "पेजेत मीठ नाही. मला चव नाही म्हणून तुम्ही दोघांनी पण कापून घेतली का?" मी मोठ्यानं हसलो. काकांनी आतून विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "काय नाही काका." तिसरीत एकच ओळ. "अभय येतोय आज. त्याचा पेला वेगळा काढून ठेवा आणि"

तिथं लाइट गेली असणार.

मी टेबलावरचा पेला बघितला. स्टीलचा, नवाकोरा, खालचं स्टिकर अर्धं निघालेलं. चार वर्षं मी त्या घरात पितळी फुलपात्रातनं पाणी प्यायलो होतो, काकांच्या, देवेशच्या, हाताला येईल त्या. कुणी कधी काही विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही, खोलीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि देवेश त्याच्याखाली चटई टाकून कितीदा झोपलाय. पण अंग विसरत नाही. मी पाच-सहा वर्षांचा असताना आई मला घेऊन एका बागमालकाच्या घरी जायची, उद्या कामाला यायचं का ते विचारायला. त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक पेला पालथा असायचा. आई तो स्वतः काढायची, कुणीतरी वरून पाणी ओतायचं, ती प्यायची, मला पाजायची, स्वतः विसळून परत पालथा घालायची. तिला कुणी सांगायचं नाही. सांगायची गरजच पडायची नाही. आणि मला तो पेला आवडायचा. त्यातलं पाणी घरच्यापेक्षा गार लागतं असं मी आईला सांगायचो, ती "चल" म्हणायची. मोठा झाल्यावर कळलं कोनाडा कशासाठी होता, तेव्हापासून त्या गार पाण्याचं मी आईपाशी कधी काढलं नाही.

काय विचार केला, असं मला विचाराल तर काहीच नाही. विचाराला मिनिट तरी लागतं. कान गरम झाले आणि हातानं आपली जुनी सवय केली. सगळं सिलेक्ट. शिफ्ट डिलीट. मशीननं विचारलं, कायमचं पुसायचं का? मशीन बिचारं विचारतं. यस. वर डिफ्रॅग लावला, म्हणजे सगळा डेटा सरकवून मोकळ्या जागेवर दुसरं काहीतरी आणून बसवायचं. त्याची काहीच गरज नव्हती. एवढं झाल्यावर काका मागं येऊन उभे राहिले. "अरे बाप रे, चौदा हजार?" मी म्हणालो, "कचरा काका. नुसता कचरा." हे वाक्य मी बोललो. हे टाइप करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागलाय. त्यांनी चहा ठेवला होता. मी म्हणालो, शिफ्ट आहे. निघताना आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, पंखा चालू होता, काकूंची पावलं तेवढी दिसली, चादरीबाहेर आलेली, टाचांना भेगा. मी थांबलो नाही.

त्यानंतर गेलोच नाही. देवेशचा फोन आला की ओव्हरटाइम म्हणायचो, मग उचलायचंच बंद केलं. राग खरं तर पंधरा दिवसांत संपला. रोज कंपनीतून येताना बसच्या खिडकीत बसून मी तो शिळा भात गरम करावा तसा गरम करायचो, पण त्यात काही राहिलं नव्हतं. उरली ती लाज. इतके दिवस गेलो नाही, आता कोणत्या तोंडानं जायचं, आज नको, रविवारी जाऊ, आणि रविवारी परत तेच. एप्रिल गेला. बजाजनगरला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, मी ड्रम भरायचो, कपडे धुवायचो, मोकळा वेळ नाही असं स्वतःला दाखवायचो. मेच्या पहिल्या आठवड्यात लाइनवर असताना देवेशचा मेसेज आला. दोनच शब्द. आई गेली. मी मशीन चालूच ठेवलं. पुढचे तीन नग बरोबर निघाले, चौथा बिघडला. स्मशानात मागं उभा राहिलो. खांदा दिला नाही, मला कुणी सांगितलं नाही आणि मी पुढं झालो नाही.

तेराव्याला काकांनी तो प्रश्न विचारला आणि चार दिवसांनी मी देवेशला म्हणालो, पीसी सर्व्हिसिंगला नेतो. पोत्यात गुंडाळून गाडीवर बांधून खोलीवर आणला. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दार लावून बसलो. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर असतं, त्यात मी बरा आहे, लोकांचे लग्नाचे फोटो काढून दिलेत. दुपारपर्यंत तीन हजार फाइली निघाल्या, नावं गेलेल्या. उघडल्या की अक्षरांच्या जागी चौकोन. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं नुसते चौकोन. पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकतोय, घाम कीबोर्डवर टपकतोय, आणि मी एकेक उघडून बघतोय. एका फाइलीत चौकोनांच्या मधे एकच शब्द शाबूत निघाला, "नकोस". पुढं परत चौकोन. काय नकोस? कुणाला? तो शब्द मी तासभर बघत बसलो. मी हे काकांसाठी करतोय असं स्वतःला सांगत होतो. काकांसाठी नव्हतंच. मी ओळ शोधत होतो, "आणि"च्या पुढची. आणि त्याला कळू देऊ नका. आणि त्यात आधी त्याला सरबत द्या. आणि नीट धुऊन घ्या, माझ्या तोंडाचं काही त्याला लागायला नको. मी तिन्ही टाइप करून बघितल्या, काकूंच्या वेगानं. तिन्ही त्यांच्याच वाटत होत्या. चार वर्षं ज्या बाईनं पाठमोरं उभं राहून माझी करंगळी ओळखली, तिच्याबद्दल मला एवढं पण खात्रीनं सांगता येत नव्हतं. आणि ज्यानं सांगितलं असतं ते मीच चौदा हजारांत ढकलून दिलं होतं.

संध्याकाळी पीसी परत घेऊन गेलो. काका घरात नव्हते. देवेश गच्चीवर टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघत होता. मी म्हणालो, "देव्या, काकांना मी अर्धवट सांगितलं." आणि सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. फाइली राहिल्या होत्या, मी बघितल्या, मी पुसल्या. तो झाकण हातात धरून ऐकत होता.

"किती वाचल्यास?"

"तीन."

"सांग."

मी नळीवाल्याचं सांगितलं. मिठाचं सांगितलं, तेव्हा त्याच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला आणि तो तिथंच टाकीला टेकून खाली बसला. मग तिसरी सांगितली, होती तशी, "आणि"पर्यंत.

"म्हणून पुसलंस?"

"व्हय."

"डॉक्टर म्हणाले होते, तोंडात जखमा आहेत, हिची भांडी वेगळी ठेवा. तर आईनं सगळ्यांचीच वेगळी केली. बाबांचा पेला, माझा, शेजारच्या वच्छलाबाईंचा पण. डझनभर नवे आणले. त्यातलं असेल ते."

"असेल?"

"असेल." त्यानं झाकण खाली ठेवलं. "मला नाही माहीत, अभ्या. अजिंठ्याला मामाच्या घरी कुणाला कुठं बसवायचे ते मी पण बघितलंय, ती पण त्याच घरातली. माझी आई आहे म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगू का तुला? नाही सांगता येत. नव्वद टक्के असंच असेल. दहा टक्के तू पुसलेस."

खाली कुठंतरी टँकर मागं घेत होते, माणूस ओरडत होता, "आने दो, आने दो, बस."

"पण ती आत झोपली होती रे," देवेश म्हणाला. "आठ पावलांवर. उठवायचंस. पेला तिच्यासमोर आदळायचास आणि विचारायचंस, काकू हे काय आहे. तिनं उत्तर दिलं असतं. शिव्या घातल्या असत्या, रडली असती, चुकलं असतं तर चुकलं म्हणाली असती. दीड महिना होता तुझ्याकडं. तिनं तीनदा विचारलं मला, अभय का येत नाही. मी म्हणालो, ओव्हरटाइम. तिसऱ्या वेळी काय टाइप केलं माहितीये? 'ओव्हरटाइम नाही. काहीतरी लागलंय त्याला. त्याला बोलाव, मी विचारते.'"

"मग?"

"मग काय. फोन तू उचलत नव्हतास. तिनं नो दाबलं."

मी खाली बसलो. गच्चीचं सिमेंट अजून तापलेलं होतं, चटका बसत होता तरी बसलो. रडलो का ते लिहीत नाही. देवेश पण माझ्याकडं बघत नव्हता, तो दूर बायपासकडं बघत होता, जिथं गेल्या वर्षी ज्वारी होती आणि आता नुसते पिलर उभे होते.

"बाबांना उद्या तूच सांगायचं," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो. मिठाचं सांग, नळीवाल्याचं सांग, त्यांना तेवढं तरी मिळू दे. आणि पेल्याचं पण सांगायचं. गाळायचं नाही."

"बरं."

"मला तुझा लई राग आलाय."

"माहितीये. मी मग थोडे दिवस येत नाही."

"बघ! हेच!" तो एवढ्या जोरात ओरडला की खालच्या बाल्कनीतनं कुणीतरी वर बघितलं. "राग मला आलाय आणि पळतोस तू. येत नाही म्हणे. यायचं. मी बोललो नाही तरी यायचं, बाबांशी बोलत बस. आणि मला आत्ता शब्द दे. माझ्या घरातलं, माझं, माझ्या बापाचं, काही पण लागलं तुला, तर तिथल्या तिथं तोंडावर विचारशील. मनात ठेवून निघून जाणार नाहीस."

मी मान हलवली.

"मान नको हलवू. बोल."

मी उठून त्याच्यासमोर गेलो.

"विचारीन," मी म्हणालो. "कुणी झोपलेलं असलं तरी उठवून विचारीन."